झाकलेलं उत्तर

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईच्या एका डोळ्यावर पट्टी होती. लेक सारखी फोन बघत होती.

"कुणाचा फोन यायचाय एवढा?"

"आई, आज आमचं उत्तर उघडणार."

"त्या तुझ्या मेसॉन नावाच्या कणाचं? जन्मला की लगेच फुटतो, तो?"

"तोच. त्याचे कुठले तुकडे किती वेळा होतात, ते मोजलंय आम्ही."

"मोजलंय, तर उत्तर माहीत असेलच की."

"नाही ना! ते कॉम्प्युटरमध्येच झाकून ठेवलंय. आधी दिसलं तर हवं तसं मोजायचा मोह होतो. पद्धत सगळ्यांनी मान्य केली की मगच उघडायचं."

"इतकी वर्षं राबलीस आणि एकदाही डोकावली नाहीस?"

"एकदाही नाही."

"माझी लेक शोभत नाहीस. मी ही पट्टी सकाळपासून दोनदा उचलून पाहिली."

"आई! डॉक्टरांनी बजावलं होतं ना?"

"हळू बोल, ऐकतील. बघ, वाजला तुझा फोन."

"आलेख आलाय. आई, मला नाही बघवत."

"आण इकडे. माझा एक डोळा धड आहे अजून. काय बघायचं?"

"एक रेघ असेल, जुन्या सिद्धांताची. आमचे ठिपके तिच्यावर बसले, तर नवीन काहीच नाही."

"थांब. रेघ दिसली. ठिपकेही दिसले. अगं, पण हे तर रेघेला शिवतसुद्धा नाहीत. सगळे वरच राहिलेत. चुकलं का गं काही?"

"ते नको. त्याच्या आधीचं सांग. परत सांग!"