टाकी न संपणारा खेळ

घ्या माझा मोबाईल, खेळा की काका, तुमची टाकी भरेपर्यंत तेवढाच वेळ जाईल — आणि त्यातलं मराठी मीच लिहिलंय, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा, शाळा नववीतच सुटली माझी. शब्दबी साधेच आहेत, पाणी घ्या, पुढं सरका, एवढंच. हां, अंगठ्यानं टँकर वळवायचा. घाला गल्लीत. बघा, बाया लायनीत उभ्या राहिल्या. — मीच बनवलाय, व्हय. हसताय ना? टँकरवाला आणि गेम. पण आधी मी हेच करायचो, सिडकोत, एका कंपनीत, सावनी मॅडमच्या हाताखाली. मग हर्सूलचा तलाव कोरडा पडला तो उन्हाळा आला, अब्बांची कंबर गेली, त्यांचा टँकर दारात उभा — म्हटलं पाऊस पडेपर्यंत चालवू. पाऊस पडला, पण तोवर तुमच्यासारख्या सोसायट्या उठल्या, नळ कुणाकडंच नाय, टँकर बारा महिने. राहिलो तो राहिलोच.

उशीर का झाला, तेच सांगतोय काका. मॅडमनी आता स्वतःची कंपनी काढलीय, बायपासला, काचेची बिल्डिंग. त्यांचाच फोन आला — याह्या, परत ये, पण मधी इतकी वर्षं गेली, भागीदार ऐकायचे नाहीत, एक छोटा गेम करून दाखव. आता मला दुसरं काय ठाऊक? टँकरचाच केला, विहिरीवर नंबर लागेपर्यंत केबिनमधी बसून. काल त्यांनी खेळून बघितला. माणसं लई जिवंत काढलीस म्हणल्या, पण टाकी संपतच नाही. "याह्या, खेळात हरता आलं पाहिजे. नाहीतर माणूस परत कशाला खेळेल?"

खरंय ना. पाण्याचा एक आकडा बदलायचा फक्त. मला काय येत नाय? बदललाबी. पाणी संपलं, लायनीतल्या शेवटच्या बाईनं रिकामा हंडा कमरेवर घेतला आणि वळली — मीच तिला तसं वळायला लावलेलं. आमच्या ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे काका, पाणी संपलं की आधी आरसा आत दुमडायचा, मग गाडी काढायची. मागं बघायचं नाय. कुणी शिकवत नाय, सगळेच करतात. आणि गेममधी तर अख्खी गल्ली समोर दिसते, दुमडणार काय? मी आकडा होता तसा केला. येडेपणा आहे. ती काय खरी बाई आहे? नाय. चित्र आहे. मॅडमना सांगितलं तर त्या चिडल्याबी नाहीत — चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणल्या, सकाळी भागीदार यायच्या आत ये, आपण दोघं मिळून बदलू, तू नुसता शेजारी बस.

मग आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, तुमची खेप भरून घेतली. मॅडमचं ऑफिस रस्त्यातच आहे, गाडी बाहेर लावू, भेटू, मग इकडं येऊ — असं ठरवलेलं. तर तिथल्या वॉचमननं गाडी बघितली आणि मागचं गेटच उघडलं. टाकी तिकडं आहे म्हणला, लवकर आटप, साहेब लोक येतील. मला म्हणायचं होतं, मी पाणी घेऊन नाय आलो, मला वर बोलावलंय. पण तो हात हलवत होता — येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे — मी घेतली मागं. झाकण उघडलं. पाईप सोडला. तुमचं पाणी तिथं ओतलं काका, सगळं. वर काचेत मॅडम दिसल्या, पाठमोऱ्या. रस्त्याकडं बघत असतील — ते मला दिसलं नाय, मीच आपलं म्हणतोय. वॉचमननं चहा विचारला. नको म्हटलं, आणि परत विहिरीवर जाऊन नंबर लावला. म्हणून उशीर.

— वाजतोय व्हय? त्यांचाच असेल, सकाळपासून वाजतोय. नका उचलू. काय सांगणार तुम्ही त्यांना?

द्या इकडं. भरली तुमची टाकी. सरका जरा, पाईप काढायचाय.