दीर्घिका काही होईना

…आणि वर लोक मलाच विचारतात, "वहिनी, तुम्हाला कंटाळा नाही येत?" अहो, कंटाळा यायलासुद्धा जरा टेकायला मिळावं लागतं. मी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि कुरकुरणारे गुडघे हलवते, आणि संध्याकाळी घरी यावं तर चप्पल काढायच्या आत सासरे विचारणार, "सूनबाई, झाली का ती?"

ती म्हणजे कोण, तर दीर्घिका. गॅलेक्सी हो. आपली आकाशगंगा आहे ना, तसल्या वर कोट्यवधी पडल्यात, तयार, आयत्या… पण आमच्या नवऱ्याला ती कॉम्प्युटरमध्ये पहिल्यापासून बनवायचीय. म्हणजे विश्व नुकतं कुठे जन्माला आलंय, तिथून सुरुवात करायची, वायू घालायचा, गुरुत्वाकर्षण घालायचं, आणि अब्जावधी वर्षं पुढे पुढे सरकवत न्यायची, की शेवटी चपटी, देखणी, वळणदार हातांची दीर्घिका तयार व्हायला हवी. त्याच्या संशोधन संस्थेतली सगळी यंत्रं त्यावर आठवडेच्या आठवडे घरघरतात, आणि एवढं करून बाहेर काय पडतं? गोळा. मधोमध जाडजूड गोळा आणि कडेला जेमतेम काहीतरी.

का, तर म्हणे वायू फार लवकर थंड होतो, घाईघाईने मध्यावर जाऊन पडतो, आणि तिथे ताऱ्यांची नुसती झुंबड. बरं, नवऱ्याने सांगायची गरजच नसते. लेस न सोडता टाचेने बूट उडवले की मी समजते, आजही गोळाच.

तुम्हाला सांगते, दीर्घिका काही होईना.

सासरे बस चालवायचे. जन्मभर गाडी वेळेत पोचवलेला माणूस, त्यांना हा प्रकारच पटेना. "अरे, अब्ज वर्षं कशाला लागतात? मधे थांबते का कुठे?" नवरा समजावतो, "बाबा, आधी कृष्णपदार्थ गोळा व्हावा लागतो. तो दिसत नाही, पण सगळं त्याच्याच ओढीने जमतं." सासरे विचार करतात आणि म्हणतात, "मलाही हल्ली बरंच दिसत नाही. ते सगळं तेच का?"

हसू नका. खरंच दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. नळीतून पाहावं तसं, समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं गायब. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती वाचवायची तर ऑपरेशन लवकर करा." सासरे म्हणाले, करू की. आणि घरी येऊन पलंगावर बसून शांतपणे म्हणाले, "ऑपरेशनात काही बिनसलं तर? आधी पोराची दीर्घिका बघतो. मग डोळ्यांचं काय ते होऊ दे."

आता बोला. म्हणजे वर तारे जमेनात म्हणून खाली ऑपरेशन अडलं. मी थेंब घालतेय, तारखा पुढे ढकलतेय, डॉक्टरीणबाई विचारतायत, "नेमकी अडचण काय आहे?" मी काय सांगू, वायू फार लवकर थंड होतोय?

नवऱ्याला म्हटलं, "अरे, काहीतरी कर. तो मधला गोळा जरा पसरव." तर तो म्हणतो, "पसरवत नसतात. मोठे तारे मरताना फुटतात, त्या धक्क्याने वायू बाहेर ढकलला जातो, तो धक्का मी कमी धरला होता." मग वाढवला धक्का. आठवडे गेले. बूट उडाले. का, तर धक्का इतका बसला की सगळा वायूच उधळून गेला. आता गोळाही नाही.

दीर्घिका काही होईना, आणि सासऱ्यांना चहाचा कप हाताने चाचपून शोधावा लागायला लागला. टेबलावर समोरच असायचा. मी बघायची, आणि पुढे सरकवायची.

शेवटी मी दुर्बिणीतून काढलेला एक छान फोटो मिळवला, चपटी, वळणदार हात, सगळं जिथल्या तिथे, आणि त्यांच्यासमोर धरून म्हटलं, "बाबा, झाली बघा." त्यांनी तो हळूहळू सगळीकडून पाहिला. "ही वरची आहे ना? खरी?" मला खोटं बोलवेना. म्हणाले, "छान आहे हो. पण मला आपल्याची बघायचीय."

खरी दीर्घिका नापास. काय करता?

आणि मग एका दुपारी नवरा घरी आला, बूट घालूनच आत, लॅपटॉप थेट बापाच्या मांडीवर. सासऱ्यांनी पडद्याला नाक लावलं आणि एका टोकापासून मान फिरवत, जेवढी दिसेल तेवढी, तुकड्यातुकड्याने सगळी पाहिली. पातळ होती हो, नाजूक. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मात्र त्यांना दिसलं नाही. मग विचारलं, "पुढे काय होतं हिचं?"

"शेजारची एखादी येऊन धडकते बहुतेक. दोघी एक होतात, हातबित मोडतात, नवे तारे बंद पडत जातात…"

"आणि मग?"

"मग… गोळा होतो, बाबा."

सासऱ्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. मी स्वयंपाकघरात गेले, मला तिथे काही काम नव्हतं.

पण माणूस शब्दाचा पक्का. त्याच आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं, उरलेली नजर वाचली. मी पहिल्यांदा जरा टेकले. म्हटलं, सुटलो. आता डावा डोळा उरकला की झालं.

तर काल जेवताना नवरा म्हणतो, "आता दोन करणार आहे. दोघींची टक्कर कशी होते ते बघायचंय." आणि सासऱ्यांनी घास तसाच हातात धरून सांगितलं, "मग डाव्याचं त्यानंतर."

आज सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. "कधीची तारीख देऊ?"

म्हटलं, "धडकल्या की कळवते."