बैलाची चाकं

मले कोणी नाही म्हटलं की अजूनच चेव येते. आमच्या लेकीच्या, मंदाच्या लाकडी बैलाचंच घ्या.

तान्ह्या पोळ्याले सारी लेकरं आपापला बैल ओढत नेतात अन् तिच्या बैलाची चाकं तुटलेली. आदल्या दिवशी, मोठ्या पोळ्याच्या सकाळी, मी सक्करदऱ्याच्या सुताराकडं गेलो. तो म्हणाला, "लई काम हाय गा, परवा ये."

"तान्हा पोळा उद्या अन् बैल परवा?" म्हटलं अन् तडक घरी आलो. चाकं आता मीच करणार होतो.

साऱ्या घरात गोल लाकूड एकच सापडलं. करवतीनं चकत्या पाडल्या. पहिल्या दोन चिरल्या, तरी हटलो नाही. शेवटी चार चाकं बसली अन् मंदा बैल घेऊन अंगणभर पळून राहिली.

दुपारी स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, लाटणं कुठी गेलं?"

मी बैलाकडं पाहिलं. तिनंही पाहिलं. पोळपाट, कणीक अन् पुरण माझ्यासमोर आणून ठेवलं अन् पोळपाटावर तो बैल उभा केला.

"लाटा आता."

मी काय हटणार होतो? बैल उचलला. तेवढ्यात मंदानं तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"बाबा, आज पोळा हाय. आज बैलाले कामाले नाही लावत."

मग मी काचेची बाटली धुतली अन् साऱ्या पुरणपोळ्या बसून लाटल्या. सुट्टी बैलाले होती, मले थोडीच होती.