मामाच्या अंगणातली चारशे अकरा मतं

...अन् वरून मामा मलेच म्हणते, चैत्या, तुझ्याच हातानं माझा घात झाला. आता तुम्हाले सांगतो, हात माझा होता हे मी कबूल करतो, डांबराचा बोळा माझ्याच हातात होता हेही कबूल करतो, पण त्या हाताच्या मागं डोकं कोणाचं होतं? डोकं होतं मुखरूमामाचं. माझ्या आईचा सख्खा मोठा भाऊ, स्टेशनमागच्या लाकडाच्या टालाचा मालक, पोटावर धोतर थांबत नाई म्हणून वरून चामड्याचा पट्टा आवळणारा, अन् यंदा नगरपालिकेच्या अध्यक्षपदाले उभा राह्यलेला माणूस. डोकं म्हणतो खरं, पण फेटा ठेवाले काहीतरी लागते म्हणून देवानं देलं असंन.

काऊन उभा राह्यला, विचाराल तं कारण ऐका. शाळेच्या स्नेहसंमेलनात वकीलसाहेबाले हाताची खुर्ची देली अन् मामाले बाकावर बसवलं, तेही मास्तरणीच्या पोराइसोबत. बस. घरी येऊन फेटा फेकला अन् म्हणे, या गावाले आता माझी गरज आहे. गाव तीन हजार वस्तीचं, त्याले हे लोक शहर म्हणतात, एक स्टेशन, दोन राइसमिली, एक नगरपालिका, अन् नगरपालिकेचा कंदील रोज संध्याकाळी पेटवणारा माणूस सुटीवर. या गावाले कशाकशाची गरज होती ते मी शंभर सांगतो, त्यात मामा नाई.

मंग तू त्याच्यामागं काऊन फिरला, म्हणाल. सांगतो ना. मी नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, सोमाजी मास्तरनं फळ्यावर भागाकार चुकवला, मी उठून म्हणलो, मास्तर, उत्तर चुकलं. मास्तर म्हणे, तुले काय समजते रे, बाहेर हो. मी बाहेर झालो. दोन वर्षं झाली, अजून बाहेरच आहो, अन् तो भागाकार अजून चुकलेलाच आहे. तवापासून आई, रुखमाबाई तिचं नाव, लोकाइच्या घरी धान कांडते, अन् मी टालावर चिरफाळ्या मोजतो फुकटात, मामाचा भाचा म्हणून. मामानं आईले शब्द देला. म्हणे, रुखमे, मी अध्यक्ष झालो का चैत्याले नाक्यावर मोहरीर करतो. गावात माल आणणाऱ्या बैलबंड्या थांबवून जकात घेतात तो नाका, अन् तिथी स्टुलावर बसून पावती फाडते तो मोहरीर. सरकारी स्टूल, डोक्यावर छप्पर, महिन्याचा पगार. आईनं त्याच दिवशी मुसळ भिंतीले टेकवून माझ्याकडे असं पाह्यलं, जसा काई मी आत्ताच स्टुलावर बसलो. त्या पाह्यण्यासाठी फिरलो, बाप्पा. नाई तं मामाले मी पाणी विचारलं नसतं.

अन् फिरलो म्हणजे कसा? मामाची निशाणी शिडी. मामासमोर उभ्या राह्यलेल्या वकीलसाहेबाची छत्री. आता छत्री कोणीही हातात घेऊन फिरते, फिरतेवेळी साहेबही दिसते. शिडी कोण उचलीन? कागदावर चित्र काढून चिटकवा म्हणलो तं मामा म्हणे, तुले काय समजते, लोकाइले खरी वस्तू दाखवा लागते. झालं. तीन महिने खांद्यावर बारा हाताची सागाची शिडी, पुढं मी, मागं मी, कारण मागं धराले दुसरा कोणी तयार नाई. वळणावर शिडी वळत नसे. कासाराच्या दुकानातल्या बांगड्या फोडल्या, मारुतीच्या देवळाची घंटा वाजवली, मामाच्याच म्हशीले असा धक्का लागला का ती वकिलाच्या अंगणात जाऊन उभी राह्यली अन् वकिलानं जाहीर केलं, मुखरूभाऊची म्हैसही माझ्याकडे आली.

पण खरं नाटक पुढं आहे. मतदानाची रीत तुम्हाले माहीतच आहे. हरेक उमेदवाराची आपआपली पेटी, पेटीवर निशाणी, पडद्यामागं जायचं अन् आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकून यायचं. सोपं आहे. पण मागच्या मोठ्या निवडणुकीत आमच्याइथच्या अर्ध्या लोकाइनं चिठ्ठी पेटीवर ठेवून हात जोडले, एका म्हाताऱ्यानं तं बेल वाह्यला. मामाले भेव वाटलं. मामाचे मतदार कोण, तं टालामागचा मोहल्ला अन् त्याच्या पलीकडचा गोंडटोला, म्हणजे गोंडाइची वस्ती. बाकी गावात मामाले ओळखणारे लोक होते, म्हणून तिथून मतं भेटाची आशा नव्हती.

टोल्याले मामानं विहीर कबूल केली होती. टोल्यातल्या बाया एक मैल नाल्यावर जातात, झिरा उकरून पाणी भरतात. मामाच्या टालात चांगली बांधलेली विहीर आहे, पण फाटकाले कुलूप. काऊन, तं म्हणे बाया पाण्याच्या निमित्तानं लाकूड नेतीन. डोक्यावर घागर अन् काखेत सागाचं खोड, अशी बाई मी तं पाह्यली नाई.

तं मामा म्हणे, मतदानाच्या आठ दिवस आधी आपल्या अंगणात तालीम करू. सोमाजी मास्तर मामाचा सल्लागार. तो म्हणे, वा, वा. दोन मोठी माणसं एका खाटेवर बसून वा म्हणून राह्यली म्हणजे समजून घ्या, गावाले काहीतरी होते. तेलाचे दोन रिकामे पिपे आणले, एकावर शिडी काढली, एकावर छत्री. मामीचं लुगडं आडवं बांधून पडदा केला. मास्तर टेबलावर रूळ घेऊन अधिकारी बनला. अन् ज्यानं चिठ्ठी टाकली त्याले पसाभर मुरमुरे अन् गुळाचा खडा. सारा मोहल्ला आला, सारा टोला आला, लेकुरवाळ्या बाया आल्या, काठीवाले आले. मास्तर हरेकाले रूळ आपटून सांगे, एका माणसाले एकच मत. दुसऱ्यांदा द्याले गेला तं सरकार जेलात टाकते. म्हणा. लोक म्हणत, एका माणसाले एकच मत. परत म्हणा. परत म्हणत. पाढे नाई शिकवले कधी एवढ्या जोरात.

मंग मामाले आठवलं, खऱ्या मतदानात डाव्या बोटाले शाई लावतात. तालीम आहे तं पुरी पायजे. शाई कुठी आहे? शाई नाई. मामाची नजर गेली डांबराच्या डब्यावर. ओंडक्यावर नंबर टाकाले आम्ही डांबरात तेल कालवून रंग करतो. मी म्हणलो, मामा, हा रंग निघत नाई. आलापल्लीच्या जंगलातून आलेल्या ओंडक्यावर दोन पावसाळे पडले तरी नंबर वाचता येते. मामा म्हणे, तुले काय समजते रे? लाव. मी लावला. चारशे बारा बोटं. शेवटी टोल्यातली धुरपता आली. केस पिकलेले, पण बोलणं कोवळ्या बांबूसारखं सरळ. बोट पुढं केलं, रंग पाह्यला, मामाले विचारलं, "झालं ना भाऊ आमचं?"

मामा खुशीत होता. म्हणे, "झालं बाई, झालं. जा आता घरी."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं होतं, पण मले कोण विचारते?

पिपे उघडले. शिडीत चारशे अकरा, छत्रीत एक. मामानं त्या एका चिठ्ठीसाठी साऱ्याइवर नजर फिरवली. मामी पदरात तोंड घालून घरात गेली.

आता दिवस कोणते? मोहाचे. मोह गळाले लागला का आमच्याइकडे घरात माणूस सापडत नाई. पहाटे टोपल्या घेऊन जंगलात, फुलं वेचायची, उन्हं चढली का परत. झाडाखालचं फूल मतदानासाठी थांबत नाई, ढोरं खातात. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी धुरपता टोपलीले दोरी बांधून राह्यली होती. मी सहज म्हणलो, "उद्या येशीन ना मावशी शाळेत?"

"काऊन?"

"मत द्याले."

तिनं माझ्याकडे असं पाह्यलं का जसा मीच दारू पिऊन आलो. बोट दाखवलं. "देलं ना रे. तूच तं रंग लावला. दुसऱ्यांदा गेली तं जेलात टाकतीन. उद्या सारा टोला मोहाले जाते."

तुम्हाले सांगतो, नाक्यावरचं ते स्टूल मले उलटं झालेलं दिसलं. पळत टालावर गेलो. मामा अन् मास्तर खाटेवर बसून निवडून आल्यावरचं भाषण लिहून राह्यले होते. "माझ्या प्रिय नगरवासीयांनो" इथपर्यंत आले होते अन् पुढं कोणाले आधी धन्यवाद द्यायचे यावर भांडण. मी म्हणलो, मामा, लोकाइले वाटते मतदान झालं, उद्या कोणी येत नाई, आज टोल्यात जाऊन सांगा. मामानं चष्मा वर केला. "चारशे अकरा लोकाइनं माझा गूळ खाल्ला आहे. तुले काय समजते?" मास्तर म्हणे, याले नववीतही असंच होत होतं. मी एकटा टोल्यात गेलो, घरोघर सांगलं. लोक म्हणे, तू पोट्टा आहेस, मुखरूभाऊनं स्वतः म्हणलं झालं म्हणून. आता सांगा. जन्मात पयल्यांदा कोणी मामाचा शब्द खरा मानला, अन् तो हा.

दुसऱ्या दिवशी शाळेसमोर मामा शेरवानी घालून उभा. आठ वाजले, नऊ वाजले. छत्रीवाले येऊन राह्यले, जाऊन राह्यले. घरचे सोडले तं शिडीवाला एकच, मी, तोही वयानं कमी, मत नाई. दहाले मामाचा घाम फेट्यातून कानात आला. मंग म्हणे, बंड्या जुंपा. चार बंड्या जंगलात धाडल्या. मोहाच्या झाडाखालून साठ-सत्तर लोक उचलून आणले, अर्ध्या टोपल्या तशाच, धुरपता रागानं लाल. वाटेत मामा सांगे, ते खोटं होतं वं बाई, हे खरं आहे. ती म्हणे, खोटं होतं तं तवा काऊन नाई सांगलं?

आत अधिकारी बाहेरगावचा तरुण माणूस, बोलणं पुस्तकातलं. "बाई, बोट दाखवा." धुरपतानं दाखवलं. "आपण मतदान करून आला आहात."

"हाओ साहेब. करून आली."

"कुठे?"

"मुखरूभाऊच्या अंगणात."

साहेबानं चष्म्यातून मामाकडे पाह्यलं. मामा पुढं झाला, म्हणे, "साहेब, ती आमची शाई होय जी."

"आपली शाई?" साहेबानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे निवडणुकीची शाई आपण तयार केली?"

बाप्पा, मामाचा पट्टा ढिला झालेला मी तवा पाह्यला. बाहेर येऊन मास्तरनं रॉकेलचा डबा आणला. शाळेच्या हौदापाशी रांगेनं बसवून म्हाताऱ्या-कोताऱ्याइची बोटं घासाले लागला, रॉकेलानं घास, वाळूनं घास, राखेनं घास. कातडी लाल झाली, डांबर काळंच. एक म्हातारा ओरडला, मास्तर, बोट ठेवा, मत नेऊन जा. पाच वाजले. दरवाजा बंद.

निकाल सांगू? वकीलसाहेब तीनशे नव्वद. मामा चोवीस. त्या चोविसात मामाच्या घरचेच एकोणीस, तालमीत मुरमुरे वाटत होते म्हणून बोटं कोरी राह्यलेले. मामा रात्रभर पडद्याच्या लुगड्याकडे पाहत राह्यला, अन् मी आईकडे. ती मुसळाजवळ गेली, उचललं अन् कांडाले लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी टालाच्या फाटकाशी वीस बाया, वीस घागरी. पुढं धुरपता.

"अध्यक्षभाऊ आहे का घरी?"

मामा खाटेवर भिंतीकडे तोंड करून. "मी हारलो वं बाई. अध्यक्ष वकील झाला."

"तो त्याइच्या शाळेतल्या पेटीतला अध्यक्ष," धुरपता म्हणे. "आमचं मत तुमच्या पिप्यात आहे. एका माणसाले एकच, तुम्हीच म्हणाले ना? ते तुमच्यापाशी आहे. विहीर कुठी आहे?"

मामानं मास्तरकडे पाह्यलं. मास्तरनं पंचांग उघडलं.

"कायची विहीर? मी हारलो म्हणतो ना."

धुरपतानं बोट त्याच्या नाकासमोर धरलं, घासून सुजलेलं, अन् डांबर जसंच्या तसं. "तं मंग हे पुसून द्या. पुसलं का आम्ही जातो."

मामानं बोटाकडे पाह्यलं अन् तोंड परत भिंतीकडे केलं. वीस बाया अंगणात बसल्या, जिथी त्याइनं मत देलं तिथीच, अन् उठून नाई राह्यल्या. दुपारी मामानं कंबरेची किल्ली सोडली. म्हणे, सकाळ-संध्याकाळ टालातल्या विहिरीचं पाणी भरा. पण लाकडावर नजर ठेवाले माणूस पायजे. मंग माझ्याकडे पाह्यलं. "चैत्या, तुले नाक्यावर बसायचं होतं ना?"

फाटकाचं दार काढून ठेवलं. त्या जागी आडवं काय बांधलं, ओळखा. शिडी. तीच बारा हाताची. बाया आल्या का उचलायची, गेल्या का खाली करायची. स्टूल देलं, तीन पायाचं. आई पाह्याले आली. शिडी पाह्यली, स्टूल पाह्यलं, घागरी मोजताना मले पाह्यलं. म्हणे, "हाच का रे नाका?" मी काय सांगू? मी म्हणलो, हाओ. तिनं स्टुलाले हात लावून कपाळाले लावला अन् धान कांडाले गेली.

काल मामाले विचारलं, मामा, पगार किती? मामा हसला, पयल्यांदाच, निकालापासून. टोल्यातले लोक त्याले अजून अध्यक्षभाऊ म्हणतात ना, आता आवडाले लागलं त्याले. म्हणे, जनतेची सेवा आहे रे, पगार मागते का कोणी? तुले काय समजते.

खरं आहे. तीन महिने शिडी खांद्यावर होती, आता हातावर आली. सरका जरा, धुरपता येऊन राह्यली, नाका उघडा लागते.