नातवाचं स्वेटर

आरमोरीच्या बसस्टँडवर कडाक्याचं हिव होतं. नंदिनी नागपूरच्या बसची वाट पाहत मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती, पण कान होते शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवराबायकोकडे.

"नातवाच्या एका स्वेटरासाठी नागपूरले काऊन जाचं? लोकर इथी भेटते ना."

"इथी ॲक्रिलिक भेटते, अश्विनचे बाबा. सूनबाई म्हणते, ते प्लास्टिकच आहे. धुतलं का त्याचा कचरा नदीत जाते."

"मंग सुती घे."

"कापसावर फवारणी किती होते!"

"मंग मेंढीची घे."

"ते जहाजानं परदेशातून येते म्हणते. त्याचा धूर वेगळा."

"मंग पोट्टं उघडंच ठेवते का तुई सून?"

"नाई. आताच फोनवर म्हणे, जुनी लोकर उसवून विणा, तेच सगळ्यात चांगलं."

"हे शहाण्यावानी बोलली. मंग नागपूर कॅन्सल! कुठी आहे जुनी लोकर?"

नंदिनीनं हळूच मान वळवली. आजीबाईंनी आजोबांच्या स्वेटरचं टोक चिमटीत धरलं होतं.

"लग्नानंतरच्या पह्यल्याच हिवाळ्यात विणलं होतं मी. अस्सल मेंढीची आहे."

"हात काढ."

"नातवाले आज्याच्या अंगची ऊब नको का?"

आजोबा उठून उभे राहिले.

तेवढ्यात बस लागली. खिडकीत बसून नंदिनीनं पाहिलं, तर आजोबा दोन्ही हात वर करून उभे होते आणि स्वेटर डोक्यात अडकलं होतं. आतून आवाज येत होता,

"सांग तुया सुनेले, पर्यावरण वाचलं! सासरा तेवढा गारठला!"