दहा मिनिटं पुढचं शहर

हॅलो? हॅलो… छकू? अगं, ताई बोलतेय. कारखान्याच्या ऑफिसातून… हो, आपल्याच काचकारखान्यातून! कुलूप निघालं त्याचं!

नाही गं, बाटल्या नाहीत आता. चष्म्याची भिंगं. पोरींना शिकवायला हाताला काचेची सवय असलेलं माणूस हवंय. मी तुझं नाव सांगितलं… ओरडू नकोस, आधी ऐक ना! बाराला यादी बंद. तू स्वतः हो म्हटलंस तरच साहेब नाव लिहिणार.

काय ठेवलंय या शहरात? अगं, काय नव्हतं? नदीला वाळू होती म्हणून भट्टी आली, भट्टी आली म्हणून आजोबा आले. बाजार, शाळा, दवाखाना, सगळं त्या भट्टीच्या जिवावर. कारखान्याचं फाटक ठोक्याला बंद व्हायचं, म्हणून अख्ख्या शहराने घरची घड्याळं दहा मिनिटं पुढे लावलेली… हो ना! बाबा तर स्वतःच्या लग्नालाही आधीच हजर. आई अजून टोमणे मारते.

हं… हो… माहीत आहे. प्लास्टिक आलं, भट्टी विझली. बाबा भरलेला डबा घेऊन परत आले आणि दार तू उघडलंस. कशी विसरेन मी?

पण म्हणून जन्मभर रुसून बसायचं? आपले साचेवाले काका आता दवाखान्यासाठी नकली पायांचे साचे करतात. जुन्या गोदामात कॉलेज भरतं. पोरं खोल्या शोधत दारोदार फिरतायत… कारखाना पुन्हा बंद पडला तर? तर तेव्हा बघू! बाबा सकाळपासून फाटकाशी उभे आहेत, काठी टेकून. घरी चला म्हटलं तर ऐकत नाहीत.

काय? उशीर झाला? बारा वाजून पाच?… कुठे बघितलंस? भिंतीवर?

थांब, थांब. साहेब बाहेरगावचे, त्यांचं घड्याळ बरोबर चालतं. त्यात बाराला पाच कमी आहेत…

छकू, अकरा वर्षं झाली गं तुला तिकडे. अजून घड्याळ आपल्यासारखंच लावतेस?

रडू नकोस. अगं, मलाही रडू येतंय, गप. पाच मिनिटं आहेत हातात. साहेब, धरा हो फोन, बहीण बोलतेय…

काय म्हणाली?… लिहिलंत? खरंच लिहिलंत? द्या, द्या इकडे!

हॅलो? छकू? हॅलो…

ठेवलासुद्धा! सामान बांधायला घेतलं असणार बयेने. दहा मिनिटं आधीच.