बाबांची डबल बेल

गाडी चालवायचं मला सांगूच नका! सिंगापूरला आठ वर्षं एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं फिरलेला मी, आयर्लंडच्या खेड्यातल्या अरुंद रस्त्यावर भाड्याची गाडी घेऊन निघालो, तर समोर ट्रॅक्टर. लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "पप्पा, जस्ट रिव्हर्स लाह!" मला घाम फुटला.

मागे बाबा बसलेले, एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. आई गेल्यापासून सिंगापूरच्या आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये गप्प असायचे. कुठे जाऊया म्हटलं की नुसती नकारार्थी मान हलवायचे. आज तेच तडक खाली उतरले आणि गाडीच्या मागे थापा मारत ओरडायला लागले, "येऊ दे, येऊ दे... डावीकडे घे... बास!"

ट्रॅक्टरवाला हात हलवून गेला. बाबा आत बसले, खिडकीतून हात काढून त्यांनी टपावर दोन थापा दिल्या आणि विचारलं, "चला, पुढचं गाव कुठलं?"